पुसायचं काम माझ्याकडे होतं

अण्णांच्या सूनबाईंनी आमच्या कंपनीची वेबसाइट नव्याने करायला घेतली आणि तिच्यात ‘आमची वाटचाल’ नावाचं एक पान ठेवलं. ते मी लिहायचं, असं माझ्या गैरहजेरीत ठरलं. “काका, दोन पॅरेग्राफ बस,” ती म्हणाली. “स्टार्ट कसं झालं, आधी काय करत होतो, आता काय करतो. फार इमोशनल नको.” मी म्हटलं, कॅमेरे विकणाऱ्या माणसाला कसल्या आल्यात भावना, तासाभरात देतो. त्याला आता तीन आठवडे झाले.

आम्ही मैसूरमध्ये सीसीटीव्ही बसवतो. दुकानं, शाळा, मंगल कार्यालयं, अपार्टमेंट, जिथे कुणाचा कुणावर विश्वास उरलेला नाही तिथे आम्ही. सुरुवातीला आम्ही अडीच भागीदार होतो: अण्णा, मी आणि अण्णांच्या वडिलांची लाकडी शिडी. शिडी अजून आहे. तिची एक पायरी माझ्या वजनाने मोडली, असं अण्णा नव्या गिऱ्हाइकाला आवर्जून सांगतात.

मी मूळचा मिरजेचा. इथल्या एका कारखान्यात नोकरी लागली म्हणून आलो, दोन-तीन वर्षांत परत जायचं असं आईला सांगून. अण्णांचं घराणं मात्र इथे किती पिढ्या आहे हे त्यांनाही सांगता येत नाही. घरात मराठीच बोलतात, पण ते मराठी मला पहिले सहा महिने कळलं नाही. पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा ते म्हणाले, “या या, कूतकोळ्ळी. कॉफी घेताय अल्वा?” त्यातली कॉफी तेवढी कळली; ‘अल्वा’ म्हणजे आपलं ‘ना’, हे फार पुढे. मी उभाच राहिलो. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली तेव्हा समजलं की बसा म्हणत होते.

आमची ओळख मराठी मंडळाच्या गणपतीत झाली. माइक घूं घूं करत होता आणि भाषण करणारे गृहस्थ थांबायला तयार नव्हते. मी मागच्या बाजूने वायर बघायला गेलो तर तीच वायर धरून एक टक्कल पडलेला, शांत माणूस बसलेला. “अर्थिंग सरी नाही,” तो म्हणाला. मी म्हटलं, अर्थिंग ठीक आहे, अॅम्प्लिफायर गेलाय. आम्ही हुज्जत घालत बसलो आणि भाषण आपोआप संपलं. नंतर उघडून पाहिलं तर दोन्ही बिघडलेलं होतं. पुढे ते सगळ्यांचे अण्णा तसे माझेही झाले आणि मी कारखाना सोडला.

अण्णांच्या वडिलांचं मंडईमागच्या गल्लीत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. वडील गेले, रेडिओ गेले, दुकान उरलं. तिथे आम्ही आधी दाराच्या घंट्या विकल्या. पाखरासारख्या ओरडणाऱ्या घंट्या तेव्हा फार खपत. मग इंटरकॉम, मग चोरघंटा. पहिली चोरघंटा एका सोनाराच्या दुकानात बसवली. ती पालीला चोर समजायची. सोनार बिचारा आठवड्यात तीनदा अर्ध्या जेवणावरून उठून दुकानात धावला आणि चौथ्यांदा आमच्याकडे आला. तो काय म्हणाला ते वेबसाइटवर घालण्यासारखं नाही.

मग कॅमेरा आला. काळा-पांढरा, विटेएवढा, आणि रेकॉर्डिंग व्हिडिओ कॅसेटवर. एका रेशमी साड्यांच्या दुकानात आम्ही तो बसवला. मालकांना बजावून सांगितलं, रोज कॅसेट बदला, सात कॅसेटी आलटून पालटून वापरा. मालक दिवसभर गल्ल्याकडे पाठ करून टीव्हीसमोर बसायचे, आपल्याच दुकानाची मालिका बघत. पहिल्या दिवशी त्यांना चोर सापडला नाही, पण आपल्या डोक्यावर मागे चकती पडलीय हा शोध लागला. तेव्हापासून ते टोपी घालायला लागले. महिन्याभराने एक कॅसेट अडकली, म्हणून त्यांनी घरातली हाताला लागेल ती आणून घातली. ती त्यांच्या मुलीच्या लग्नाची निघाली. त्या घरी आजही लग्न बघायला बसलं, की अक्षता पडता पडता एकदम साड्यांचा काउंटर येतो आणि एक बाई निळा रंग नको म्हणून भांडताना दिसते.

कृष्णराजनगरच्या भाताच्या गिरणीत वेगळीच गंमत. तिथून फोन आला, “सार, गिरणीत धुकं पडलंय.” भर दुपारी धुकं कसलं, म्हणून गेलो तर कॅमेऱ्यावर कोंड्याचा बोटभर थर. पुसून आलो. आठवड्याने पुन्हा धुकं. शेवटी मालकाच्या आईला दर शनिवारी कॅमेरा पुसायचं काम लावून दिलं. म्हातारीने ते इतकं मनावर घेतलं की ती कॅमेऱ्याशी गप्पा मारायची. चित्रात फक्त तिचं हलणारं तोंड दिसे, आवाज नसे. काय बोलत होती ते कुणालाच कळलं नाही.

हे सगळं मला इतकं नीट आठवतं त्याला कारण अण्णांचा डबा. मी तापट माणूस. काम झालं की वायरी गुंडाळून निघावं, अशा मताचा. अण्णांचं तसं नाही. त्यांनी पहिल्या दिवसापासून दोन नियम घातले, आणि दोन्हींवरून मी वर्षानुवर्षं कटकट केली.

पहिला नियम असा की नवा कॅमेरा सुरू झाला की त्या जागेतल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाने त्याच्यासमोरून पहिल्यांदा चालायचं. पायगुण. मग गिऱ्हाईक घाईत असो, पाऊस असो, आजोबा झोपलेले असोत. आजोबांना उठवून, हाताला धरून आणायचं. आणि ते चालणं, त्यानंतरची पूजा, अशी पहिली दहा-पंधरा मिनिटं जपून ठेवायची. एरवी रेकॉर्डर पंधरा दिवसांनी जुनं पुसून त्यावरच नवं लिहितो, पण ही मुहूर्ताची क्लिप अण्णा वेगळी काढून घ्यायचे. आधी कॅसेटवर, मग सीडीवर, मग पेनड्राइव्हवर. सगळं एका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, वर कन्नडमध्ये चिठ्ठी लावून. साडीवाल्यांचे वडील कॅमेऱ्याला देवासारखे हात जोडतायत, एका शाळेच्या निवृत्त बाई पदर नीट करून परत मागे जाऊन पुन्हा चालतायत, असं सगळं त्या डब्यात आहे. “याचा उपयोग काय?” मी विचारायचो. “सुम्ने असू दे की,” अण्णा म्हणायचे. सुम्ने म्हणजे उगीच. अण्णांच्या आयुष्यातल्या बऱ्याच चांगल्या गोष्टी सुम्ने चाललेल्या असतात.

दुसरा नियम कुंकवाचा. आमच्या मिरजेत खंडेनवमीला पान्हे, कात्री, शिवणाचं मशीन यांना हळदकुंकू वाहतात, तेव्हा मला ते नवं नव्हतं. पण अण्णा नव्या कॅमेऱ्याची पूजा करताना कुंकू लावायचे ते थेट काचेवर. ओलं, अंगठ्याने, चांगलं ठसठशीत. मी म्हणायचो, अहो वर लावा, बाजूला लावा, खाली स्टँडला लावा. “डोळा तो. डोळ्यालाच की,” अण्णा म्हणायचे. मग नारळ फुटे, प्रसाद वाटला जाई, मंडळी केसरीभात खायला आत जात, आणि मी चडफडत शिडीवर चढून कापूस आणि स्पिरिटने एकेक काच पुसत बसे. लावायचं काम अण्णांचं, पुसायचं माझं. आमच्या कंपनीत लेखी असं काही नव्हतं, पण ही वाटणी पक्की होती.

बोगादीला तेव्हा नवी नवी अपार्टमेंट उभी राहत होती. त्यातल्या एका चार मजली इमारतीत आम्ही चार कॅमेरे बसवले. एक फाटकावर, दोन पार्किंगमध्ये, एक जिन्यापाशी. तिथला वॉचमन बेट्टदपुरच्या डोंगराखालच्या एका खेड्यातला होता. वय विचारलं तर साठ सांगायचा, आणि दर वर्षी साठच सांगायचा. दिवसपाळी करायचा, संध्याकाळी जुन्या बोगादीतल्या आपल्या खोलीवर बायकोकडे जायचा. शर्टाला इस्त्री, खिशात शिट्टी, खांद्याला कापडी पिशवी. कॅमेरे आले तेव्हा मला वाटलं हा तोंड पाडून बसेल, कारण बहुतेक ठिकाणी कॅमेरा आला की वॉचमनला रजा मिळते. हा उलट खूश. आपल्या हाताखाली चार माणसं आलीत, असं तो समजून चालला. दुधवाल्याला, पेपरवाल्याला तो स्वतः नेऊन कॅमेरे दाखवायचा. गावीही त्याने कळवलं होतं की आता चार कॅमेरे माझ्या ताब्यात आहेत.

पूजेच्या दिवशी तो अण्णांच्या मागे मागे, ताट धरून. अण्णांनाही त्याचा तो उत्साह आवडला. मंत्र म्हणता म्हणता त्यांनी त्याचा हात धरला, अंगठा ओल्या कुंकवात बुडवला आणि एका कॅमेऱ्याला त्याच्याकडूनच टिळा लावून घेतला. “दर वर्षी आयुधपूजेला तुम्हीच करायचं,” असं त्याला कन्नडमध्ये सांगितलं. मग सगळे केसरीभाताकडे वळले. इथे वडीलधाऱ्याला मानाने म्हणतात तसं मी त्याला म्हटलं, “यजमान्रे, जरा कोपऱ्यावरून कॉफी आणता का?” तो गेला आणि मी काचा पुसल्या.

वर्षभराने दसरा आला. इथली आयुधपूजा ज्याने पाहिली नाही त्याला सांगून कळायची नाही. सायकलपासून बसपर्यंत चाकं असलेलं सगळं धुऊन, केळीचे खुंट बांधून उभं. रस्त्यावर जागोजाग फोडलेले कोहळे, त्यांच्या पोटातलं कुंकू. त्या दिवशी अवजारांना विश्रांती. आमचं दुकानही बंद, टेस्टर आणि पक्कडसुद्धा फुलं वाहून पाटावर. बोगादीच्या आमच्या वॉचमनने पहाटे अंघोळ करून शिट्टीला, काठीला, बॅटरीला, नोंदवहीला आणि फाटकाच्या कुलपाला फूल वाहिलं. मग स्टूल घेऊन चारी कॅमेऱ्यांना टिळा लावला. ओला, अंगठ्याने, ठसठशीत, काचेवर. आणि तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, निम्मी इमारत मिरवणूक बघायला गेलेली आणि उरलेली टीव्हीसमोर. संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्यांच्या लक्षात आलं की पार्किंगमधली त्यांची नवी गिअरची सायकल नाही. सेक्रेटरींनी मोठ्या विश्वासाने रेकॉर्डिंग लावलं. दीड दिवस लाल. चारी कॅमेरे, नुसता लाल रंग. आणि लाल होण्याच्या आधीचं शेवटचं चित्र काय, तर वॉचमनचा चेहरा जवळ जवळ येतो, पडदाभर होतो, मग एक अंगठा. चारदा तेच. चार कॅमेरे, चार अंगठे.

सकाळी मला बोलावणं आलं. अण्णा नव्हते. ते दसऱ्यानंतर कुटुंबासह तुळजापूरला, कुलदेवतेला गेले होते. मी पोचलो तेव्हा सेक्रेटरी, सायकलवाले आणि आणखी दोघे पार्किंगमध्ये उभे, आणि त्यांच्या मधोमध वॉचमन. सेक्रेटरी मला म्हणाले, “कॅमेरे याने आंधळे केले. आतून कुणाला तरी सामील आहे. तुम्ही तपासून लेखी द्या.”

मला पहिल्या नजरेतच सगळं कळलं. तो टिळा मी ओळखला. अण्णांचाच हात, फक्त अंगठा दुसरा.

त्यांनी माझ्यादेखत वॉचमनला विचारलं, का लावलंस? तो म्हणाला, “पूजे, सार.” विचारलं, काचेवर लावायला कुणी सांगितलं? त्याने माझ्याकडे पाहिलं. आणि मी पिशवीत स्क्रू-ड्रायव्हर शोधायला लागलो.

का, ते सांगतो. हेच सेक्रेटरी रिंगरोडपलीकडच्या एका मोठ्या वसाहतीच्या समितीवर होते आणि तिथलं काम आम्हाला मिळायच्या बेतात होतं. कॅमेरे बसवणारी कंपनीच कॅमेऱ्याच्या डोळ्यात कुंकू घालायला शिकवते, हे बाहेर पडलं असतं तर गावभर हसं झालं असतं. मी कागद घेतला आणि लिहिलं: ‘उपकरणांत कोणताही दोष नाही. भिंगांवर बाहेरून पदार्थ लावल्याचे आढळले.’ एकही शब्द खोटा नाही. आयुष्यात इतकं काटेकोर मी क्वचितच लिहिलं असेल. खाली सही केली, शिक्का मारला, काचा पुसल्या आणि निघालो. या वेळी तो जवळच उभा होता. कापूस कसा फिरतो ते त्याने पहिल्यांदा पाहिलं.

त्यांचं ठरलं ते असं की रविवारच्या सभेत त्याला काढायचं. तोवर रोज संध्याकाळी जाताना फाटकावर त्याची पिशवी तपासायची. त्याला त्या वयात दुसरीकडे कुणी ठेवलं नसतं, आणि चोरीचा डाग घेऊन तर नाहीच नाही. हे मला समजत नव्हतं असं नाही. घरी बायकोला मी अर्धवट सांगितलं, आणि तिने पुढे विचारलं तेव्हा तिच्यावरच खेकसलो. त्या चार दिवसांत मी सगळ्यांवर खेकसत होतो.

शनिवारी अण्णा प्रसाद घेऊन दुकानात आले. मी सगळं सांगितलं, आणि शेवटी माझा तो कागद वाचून दाखवला. मनात आशा अशी की ते म्हणतील, बरं केलंत, आता गप्प बसू. अण्णा कधी रागावत नाहीत. तेव्हाही रागावले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि म्हणाले, “लावायला मी शिकवलं. पुसताना तुम्ही त्याला कॉफीला पाठवलं होतं, अल्वा? मग पुसायचं असतंय हे त्याला कसं गोत्त होणार, कसं कळणार?”

मी म्हटलं, “अहो, पण ती वसाहत...”

“वसाहत राहू दे. डबा काढा.”

डब्यात बोगादीची सीडी होती. आम्ही ती दोघांनी मिळून बघितली. फाटकावरच्या कॅमेऱ्याला पार्किंगचा कॅमेरा समोरच दिसतो. त्यामुळे सगळं त्यात आलं होतं: शिडीवर अण्णा, खाली ताट घेऊन तो, मग अण्णा त्याला दोन पायऱ्या वर घेऊन त्याचा अंगठा कुंकवात बुडवतायत, काचेवर टेकवतायत, पाठ थोपटतायत. मग अण्णा फाटकाकडे येतात, मोठे मोठे होत जातात, आणि चित्र लाल.

रविवारी पार्किंगमध्ये टेबलावर टीव्ही मांडून अण्णांनी ती सीडी सगळ्यांना दाखवली. वॉचमन मागे खांबापाशी उभा होता, पिशवी छातीशी धरून. अण्णांचा अंगठा पडदाभर झाला तेव्हा लोक हसले, सायकलवालेसुद्धा हसले. अण्णा उठून म्हणाले, “बघा, अर्धं आम्ही शिकवलं आणि अर्धं आमच्यापाशीच ठेवलं. या माणसाचं काही चुकलेलं नाही.” आणि माझ्याकडे बघून खाली बसले.

मला उठावं लागलं. मी म्हटलं, पुसायचं काम माझ्याकडे होतं, ते मी त्यांना दाखवलं नाही, त्याबद्दल कंपनी दिलगीर आहे. एवढं बोललो. ज्या दिवशी कागद लिहिला त्या दिवशीच मला हे ठाऊक होतं, ते बोललो नाही. कंपनी दिलगीर आहे म्हणणं किती सोपं असतं ते मला त्या दिवशी कळलं.

वॉचमनची नोकरी राहिली. सेक्रेटरींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, कुणी तरी त्याला कॉफी दिली. आणि ज्याला मी घाबरत होतो ते तर काहीच झालं नाही. वसाहतीचं काम आम्हालाच मिळालं. सेक्रेटरी म्हणाले, आपली चूक आपणच टीव्हीवर लावून दाखवणारी कंपनी त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. अण्णांनी त्यावर नुसती मान हलवली. मी मात्र ती शाबासकी वर्षभर मिरवत होतो. सायकल कधी सापडली नाही.

महिन्याभराने देखभालीसाठी बोगादीला गेलो. संध्याकाळची वेळ, मी पडद्यासमोर बसून चित्र नीट करत होतो. फाटकाच्या चौकटीत वॉचमन आला. पाळी संपली होती. कॅमेऱ्यासमोर थांबला, पिशवी खांद्यावरून काढली, तोंड उघडून कॅमेऱ्याकडे धरली, आत हात घालून फिरवला, बंद केली आणि गेला. मला वाटलं, काही तरी शोधत असेल. मागचे दिवस लावून बघितले. काल तेच. परवा तेच. पंधराच्या पंधरा दिवस.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम गेलो. म्हटलं, “यजमान्रे, आता कुणी तपासत नाही तुम्हाला. हे बेडा, नको.” तो हसला. “रूढि आगोयतु, सार,” म्हणाला. सवय झाली. मग त्याने मला बसायला स्टूल दिलं, आणि माझ्या पायरी मोडलेल्या शिडीची चौकशी केली. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. स्टुलावर बसून मी पावसाबद्दल बोललो.

त्याला आता बरीच वर्षं झाली. काळा-पांढरा गेला, कॅसेट गेली, सीडी गेली. आता लोक ऑफिसात बसून फोनवर आपल्या घराचं दार बघतात आणि कुरिअरवाल्याला फोनमधूनच रागावतात. अण्णांचे गुडघे गेले, म्हणून लावायचं कामही माझ्याकडे आलं. मी कुंकू लावतो, लगेच सगळ्यांसमोर पुसतो, आणि पुसायचा कपडा तिथल्या माणसाच्या हातात देतो. कटकट करत नाही.

मागच्या वर्षी बोगादीच्या त्या इमारतीत नवे कॅमेरे बसवले. अण्णा खुर्ची टाकून बसले होते. नियमाप्रमाणे विचारलं, इथे सगळ्यांत वडील कोण? जुनी माणसं बरीच सोडून गेलेली. सगळ्यांनी वॉचमनकडे बोट दाखवलं. तो अजून साठचाच आहे. शर्टाला इस्त्री, खिशात शिट्टी. त्याला म्हटलं, फाटकातून चालत या, बस, एवढंच. तो लाजला, केस नीट केले, आणि चालत आला. कॅमेऱ्यासमोर थांबला. पिशवी खाली ठेवली. आतून जेवणाचा डबा काढून दाखवला, मग शाल, मग चष्म्याचं घर, मग घडी घातलेला पेपर. मग पिशवी उलटी करून झटकली. सगळं परत भरलं आणि बाजूला झाला.

नवी माणसं हसली. अण्णा हसले नाहीत. ते म्हणाले, “पुन्हा घ्यायचं का?” मी म्हटलं, नको. ती क्लिप डब्यात गेली.

तीन आठवड्यांपूर्वी सूनबाईंनी डब्यातलं सगळं कॉम्प्युटरवर घेतलं. संध्याकाळी मला म्हणाली, “काका, हे बॅग दाखवणारे ताता किती क्यूट आहेत. होमपेजवर हेच टाकू. सो ऑनेस्ट दिसतात.” मी नको म्हटलं. का नको, ते दोन पॅरेग्राफमध्ये सांगता येईना, म्हणून हे एवढं लिहावं लागलं. तिला यातलं निम्मं मराठी कळणार नाही, ते अण्णा समजावून सांगतील.

पण ज्याला हे सांगायला हवं त्याला तर एक अक्षर कळायचं नाही. इतक्या वर्षांत माझं कन्नड कॅमेरे विकण्यापुरतं चांगलं झालं, त्यापलीकडे गेलं नाही. काल मी अण्णांना म्हटलं, हे सगळं मला कन्नडमध्ये लिहून द्या, बोगादीला जाऊन वाचून दाखवतो. अण्णांनी सगळी पानं सावकाश वाचली, चष्मा काढून पुसला.

“एवढं सगळं कशाला?” ते म्हणाले. “सुम्ने जवळ जाऊन म्हणा, तप्पु नंदु. चूक माझी. अष्टे, एवढंच.”

दोनच शब्द आहेत. त्याची पाळी सहाला संपते, आणि त्याने पिशवी उघडायच्या आत मला पोचायचंय. सकाळपासून घोकतोय.